मॅगझिन : कोठार धान्याचे की दारूगोळ्याचे?

आमच्या घरी सकाळचा एक नियम आहे. सहावीत शिकणाऱ्या धाकट्याने शाळेत जाण्यापूर्वी वर्तमानपत्रातील एक बातमी मोठ्याने वाचून दाखवायची. त्याच्या मराठी वाचनाला वळण लागते आणि चहा गाळता गाळता मलाही जगाची खबर मिळते. मागच्या महिन्यात त्याने निवडलेली बातमी जेमतेम चार ओळींची होती. कुठल्याशा नाक्यावर पोलिसांनी एका गाडीची झडती घेतली होती आणि एक पिस्तूल, दोन मॅगझिन व सहा जिवंत काडतुसे जप्त केली होती. वाचता वाचता तो अडखळला.

"अम्मी, मॅगझिन घरात ठेवलं तर पोलीस पकडतात?"

"का रे?"

"आपल्याकडे तर पेटीभर आहेत!"

दादींना हसू आवरेना. पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत त्यांनी वर्षानुवर्षांची मासिके जपून ठेवली आहेत, कडुनिंबाचा वाळला पाला घालून. मुलगा त्याच 'मॅगझिनां'विषयी बोलत होता. मीही हसले. त्याचे अब्बू मात्र हसले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्र हातात घेऊन बातमी पुन्हा वाचली आणि हळू आवाजात म्हणाले, "बेटा, शाळेत हे असं बोलू नकोस हं."

ते एक वाक्य मला दिवसभर टोचत राहिले. मुलाचा प्रश्न निरागस होता आणि बापाची काळजीही खोटी नव्हती. वाचायचे मासिक आणि पिस्तुलाचा गोळ्या भरायचा कप्पा, दोघांना एकच नाव कसे? मी शाळेत भाषा शिकवते. मुलाला "असंच असतं" म्हणून गप्प बसवणे मला पटले नाही. त्या संध्याकाळी दप्तर बाजूला ठेवून आम्ही या शब्दाचा माग काढायला बसलो. माग काढत गेलो तो थेट आपल्याच दारात येऊन पोहोचलो.

आपल्या घरातला शब्द

मॅगझिन हा शब्द इंग्रजांचा असला, तरी जन्माने इंग्रज नाही. तो अरबी आहे. अरबीत ख-ज-न या तीन अक्षरांच्या धातूचा अर्थ साठवणे, राखून ठेवणे. जिथे साठवायचे ती जागा म्हणजे 'मखजन' आणि त्याचे अनेकवचन 'मखाजिन'. 'मॅगझिन'चा उच्चार मनात आणा आणि 'मखाजिन' म्हणून पाहा. नाते कानालाच कळते.

अरबीत क्रियेवरून जागेचे नाव करण्याची ही एक जुनी रीत आहे. शब्दाच्या आधी 'म' लागतो आणि जागा तयार होते. सजदा करण्याची जागा ती मसजिद. लिहायला शिकण्याची जागा ती मकतब. धडे घेण्याची जागा तो मदरसा. प्रवासात उतरण्याची जागा ती मंजिल, जिच्यावरून मराठीत 'मजल दरमजल' आले. अन्न शिजवण्याची जागा ती मतबख. तो शब्द जुन्या मराठीत 'मुदपाक' होऊन बसला आणि राजवाड्यातील स्वयंपाकघराला 'मुदपाकखाना' म्हणू लागले. त्याच चालीवर साठवणीची जागा ती मखजन.

याच ख-ज-न धातूचे दुसरे अपत्य तर प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडी आहे. ते म्हणजे 'खजिना'. गणेशोत्सव मंडळ असो, पतपेढी असो की मसजिद कमिटी, हिशेब सांभाळणारा तो 'खजिनदार'. बीडजवळ निजामशाहीच्या काळात बांधलेली एक मोठी विहीर आहे. तिच्यातून भुयारी मार्गाने निघालेले पाणी खालच्या शेतीला मिळत आले. लोक तिला खजिना विहीर म्हणतात. सोन्याची नाणी नसतानाही पाण्याला खजिना म्हणणाऱ्या आपल्या माणसांना या शब्दाचा खरा अर्थ बरोबर कळला होता.

मुलगा म्हणाला, "म्हणजे मॅगझिन आणि खजिना हे भाऊ भाऊ?" मी म्हटले, सख्खे. एक मराठीत राहिला, दुसरा समुद्रापार गेला.

समुद्रापारचा प्रवास

मध्ययुगात भूमध्य समुद्राच्या एका काठावर अलेक्झांड्रिया, ट्युनिस यांसारखी मुस्लिम व्यापाराची बंदरे होती आणि दुसऱ्या काठावर जिनोआ, पिसा, व्हेनिस ही इटालियन बंदरे. मिरी, कापड, साखर, रंग, कागद असा माल गलबतांतून ये-जा करी. उतरलेला माल विकला जाईपर्यंत कुठेतरी ठेवावा लागे. ती जागा अरबांचे मखजन. व्यापारी ज्याच्याशी सौदा करतो त्याच्या मालाबरोबर त्याचे शब्दही घेऊन जातो. इटालियनमध्ये 'मागाझिनो' झाले, अर्थ गोदाम. स्पेनमध्ये अरबीतील 'अल' जोडूनच शब्द गेला आणि 'अल्मासेन' झाला. पोर्तुगीजांनी त्याचे 'आर्माझें' केले. फ्रेंचांनी 'मागाझँ' केले. त्यांच्याकडे आज त्याचा अर्थ दुकान असा आहे. रशियातही दुकानाला 'मागाझिन'च म्हणतात. मोरोक्कोत तर राजाच्या सत्तेलाच 'मखजन' म्हणण्याची पद्धत पडली, कारण ज्याच्या हाती कोठार त्याच्या हाती राज्य.

इंग्रजीत हा शब्द १६ व्या शतकाच्या अखेरीस पोहोचला. तेव्हाही त्याचा अर्थ साधा होता : माल ठेवण्याची वखार.

दारूगोळा आत शिरतो

पुढे युरोपच्या राजांची युद्धे वाढत गेली. किल्ल्यात आणि छावणीत सर्वांत जपून ठेवण्याची वस्तू धान्याऐवजी बंदुकीची दारू झाली. जिथे ती ठेवत त्या कोठारालाही मॅगझिन म्हणू लागले. इंग्रजांबरोबर हा अर्थ हिंदुस्थानात आला. दिल्लीत काश्मिरी दरवाजाजवळ कंपनी सरकारचे असेच एक मॅगझिन होते. ११ मे १८५७ रोजी मेरठहून आलेले शिपाई दिल्लीत शिरले. दारूगोळा त्यांच्या हाती पडू नये म्हणून लेफ्टनंट विलोबी आणि त्याच्या साथीदारांनी ते कोठार स्वतःच उडवून दिले. आसपासची किती तरी माणसे त्यात मेली. त्या मॅगझिनचे दरवाजे आजही रस्त्यात उभे आहेत.

दिल्ली लांब वाटत असेल तर मुंबईला चला. रे रोड स्टेशनजवळ दारूखाना नावाचा भाग आहे. नाव ऐकून नवखा माणूस दचकतो, पण ही दारू पिण्याची नव्हे, बंदुकीची. आज तिथे लोखंडाचा बाजार आहे आणि जुनी जहाजे तोडण्याचे काम चालते. त्याच भागातील एका रस्त्याचे नाव अजून मॅगझिन स्ट्रीट आहे. एका बाजूला फारसी वळणाचा 'दारूखाना' आणि दुसऱ्या बाजूला अरबीतून लंडनमार्गे आलेले 'मॅगझिन'. मुंबईत ते शेजारी शेजारी नांदतात.

१९ व्या शतकात एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या बंदुका निघाल्या. त्यांच्यात गोळ्या भरून ठेवण्याचा एक कप्पा असे. साठवण्याची जागा म्हणून त्यालाही तेच नाव मिळाले. आमच्या बातमीतले मॅगझिन ते हे. मखजन आक्रसत आक्रसत मुठीत मावेल एवढा झाला होता आणि त्याच्या पोटात धान्याचा एकही दाणा उरला नव्हता.

चांभाराच्या मुलाचे कोठार

मग वाचायचे मॅगझिन कुठून आले? शब्दाचा हा दुसरा फाटा जास्त रंजक आहे. १७ व्या शतकातच इंग्रजीत काही पुस्तकांच्या नावात 'मॅगझिन' दिसू लागले होते. १६६९ साली सॅम्युएल स्टर्मी यांचे 'मरिनर्स मॅगझिन' निघाले. खलाशाला लागणारी विद्या एका ठिकाणी साठवलेली, म्हणून ते खलाशांचे कोठार.

पण या शब्दाला आजचा अर्थ दिला एडवर्ड केव्ह यांनी. हा माणूस जोडे शिवणाऱ्याच्या घरी जन्मलेला. त्या काळी लंडनमध्ये इतकी वर्तमानपत्रे निघत की सगळी घेणे आणि वाचणे कुणालाच शक्य नव्हते. चांगले लेख दोन दिवसांत रद्दीत जात. केव्ह यांच्या मनात आले की, महिनाभरातले टिकाऊ तेवढे वेचून एका ठिकाणी साठवून ठेवावे. जानेवारी १७३१ मध्ये त्यांनी 'जंटलमन्स मॅगझिन' सुरू केले आणि वाचकांना सांगितले की हे कोठार आहे, यात निवडक माल जपून ठेवला जाईल. ते नियतकालिक जवळजवळ २०० वर्षे चालले. त्याची पाहून इतरांनीही आपापली मॅगझिने काढली आणि एका नियतकालिकाचे नाव साऱ्या जातीचे नाव होऊन बसले.

याच नियतकालिकात सॅम्युएल जॉन्सन नावाच्या एका गरीब, होतकरू लेखकाला काम मिळाले होते. पुढे १७५५ मध्ये त्यांनी आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश प्रकाशित केला. त्यात 'मॅगझिन'चा पहिला अर्थ कोठार आणि शस्त्रागार असा दिला आहे आणि त्यानंतर, अलीकडे हा शब्द केव्ह यांच्या नियतकालिकावरून संमिश्र लेखांच्या अंकासाठी वापरतात, असे नोंदवले आहे. म्हणजे दारूगोळा आणि लेख हे दोघे पावणेतीनशे वर्षांपूर्वीच शब्दकोशात एका घरात राहायला आले होते.

पण लेख आणि पुस्तके साठवणीला शोभतात हे केव्ह यांच्या आधी कित्येक शतके अरबीला माहीत होते. अब्बासी काळात ग्रंथालयाला 'खिजानतुल कुतुब', म्हणजे पुस्तकांचा खजिना, म्हणत. बगदादचे जे ज्ञानगृह आपण 'बैतुल हिकमा' म्हणून ओळखतो, त्याचे दुसरे नाव 'खिजानतुल हिकमा' होते. लंडनच्या चांभारपुत्राने नकळत शब्दाला त्याच्या जुन्या मानाच्या जागी नेऊन बसवले.

गंमत अशी की आजच्या अरबीत नियतकालिकाला मॅगझिन म्हणत नाहीत, 'मजल्ला' म्हणतात. मखजन म्हणजे तिकडे अजूनही गोदामच. आपल्याकडे मात्र शब्द फिरून घरी आला. मराठीतले पहिले मासिक 'दिग्दर्शन' बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये काढले. त्यांच्यापासून आपण 'मास' या शब्दावरून 'मासिक' म्हणत आलो. उर्दूत 'माहनामा' म्हणतात, तेही महिन्यावरूनच. पण १९०१ साली लाहोरमध्ये शेख अब्दुल कादिर यांनी उर्दूत एक मासिक सुरू केले आणि त्याचे नाव ठेवले 'मखजन'. पहिल्याच अंकात इक्बाल यांची 'हिमाला' ही कविता छापून आली. अरबस्तानातून निघालेला शब्द इटली, फ्रान्स, इंग्लंड पालथे घालून, वेश बदलून हिंदुस्थानात आला होता. लाहोरमध्ये त्याने तो वेश उतरवला.

दोन गुण, एक किल्ली

इथवर ऐकल्यावर मुलाने विचारले, "मग अम्मी, चांगलं मॅगझिन कुठलं आणि वाईट कुठलं?" या प्रश्नाचे उत्तर मला शब्दकोशात मिळाले नाही. ते सूरह यूसुफमध्ये मिळाले.

हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांचा किस्सा आपल्या घरोघरी सांगितला जातो. मिसरच्या बादशहाच्या स्वप्नात सात पुष्ट गायी आणि सात रोड गायी येतात. तुरुंगात असलेले यूसुफ अलै. त्याचा अर्थ सांगतात : सात वर्षे सुबत्तेची, नंतर सात वर्षे दुष्काळाची. उपायही सांगतात. पिकवाल ते, खाण्यापुरते सोडून, कणसातच राहू द्या. दाणा कणसात असला की टिकतो, हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. पुढे बादशहा त्यांना मानाने बोलावतो, तेव्हा ते महाल मागत नाहीत, सूड मागत नाहीत. देशाच्या कोठारांची जबाबदारी मागतात. कुरआनमध्ये तिथे जो शब्द आहे तो 'खजाइन', आपल्या खजिन्याचे अनेकवचन. त्या कामासाठी स्वतःचे दोनच गुण ते सांगतात : मी हफीज आहे आणि अलीम आहे. म्हणजे राखणारा आहे आणि जाणणारा आहे.

कोठारावर बसणाऱ्याला हे दोन्ही गुण लागतात. नुसता राखणारा असेल तर तो किडलेले धान्यही जिवापाड जपेल. नुसता जाणणारा असेल तर त्याला सगळे कळेल, पण वेळेला हाती काही उरणार नाही. काय ठेवायचे, काय टाकायचे, कधी उघडायचे आणि कुणाला द्यायचे, हे ज्याला कळते आणि सांभाळता येते तोच खजिनदार. सूरह जुमरमध्ये जन्नतच्या आणि जहन्नमच्या पहारेकऱ्यांसाठी एकच शब्द आला आहे, तोही याच धातूचा. आत काय भरले आहे त्यावर सगळे अवलंबून.

बारकाईने पाहिले तर आज प्रत्येक घरात एक मखजन सतत उघडा असतो. तो आपल्या हातातला फोन. रात्रंदिवस त्यात माल येऊन पडतो : कुणाची तरी दुवा, कुणाचा तरी अपघात, अर्धवट हदीस, कुठल्या तरी जमातीविरुद्ध पेटवणारा व्हिडिओ. एवढ्या मोठ्या कोठारावर खजिनदार मात्र कुणी नाही. आलेले न तपासता पुढे ढकलणारा प्रत्येक हात धान्याच्या कोठारात बंदुकीची दारू ओतत असतो. बातमी आली की आधी खातरी करून घ्या, हा हुकूम सूरह हुजुरातमध्ये स्पष्ट आहे. तो मोडायला आज एक बोट पुरते.

पेटी उघडली तेव्हा

त्या रविवारी आम्ही दादींची पेटी उघडली. खरे सांगायचे तर काही दिवसांपूर्वीच मी ती रिकामी करून रद्दीवाल्याला द्यायचे ठरवले होते. घर लहान आहे आणि पलंगाखाली मुलांची पुस्तके ठेवायची होती. मुलाने एकेक अंक बाहेर काढायला सुरुवात केली. कुठे बिर्याणीची कृती, कुठे मुलांची नावे, कुठे तापात बाळाची काळजी. एका अंकाच्या पानांवर शाईने रेघा मारलेल्या होत्या. लेख होता विरासतीवर : बापाच्या मालमत्तेत मुलींचा हिस्सा किती आणि तो का द्यायचा.

दादींनी चष्मा लावून पान पाहिले आणि म्हणाल्या, "या रेघा तुझ्या दादांच्या."

मग त्यांनी सांगितले. दादांचे वालिद वारले तेव्हा जमिनीची वाटणी निघाली. बहिणींनी हक्क सोडल्याच्या कागदावर सही करायची, अशीच गावाची रीत होती. बहिणीही तयार होत्या, कारण माहेर तुटू नये एवढीच त्यांची इच्छा. दादांनी हा अंक कुठून तरी वाचायला आणला होता. तो त्यांनी दोन रात्री वाचला, मसजिदच्या मौलानांना विचारून घेतले आणि तिसऱ्या दिवशी भावांसमोर ठेवला. बरीच बोलाचाली झाली. शेवटी दोन्ही बहिणींना, म्हणजे आमच्या फुफींना, त्यांचा शरीअतप्रमाणे हिस्सा मिळाला. धाकट्या फुफींनी पुढे त्याच जमिनीच्या उत्पन्नावर मुलगी शिकवली.

एक जुना अंक. रद्दीत किलोवर गेला असता तर त्याचे चार आणेही आले नसते.

मुलगा बराच वेळ त्या रेघांकडे पाहत होता. मग त्याने वहीचे पान फाडले, त्यावर ठळक अक्षरांत 'मखजन' लिहिले आणि पेटीच्या झाकणावर चिकटवले. खाली बारीक अक्षरांत : खजिनदार, दादी.

पेटी आम्ही दिली नाही. पण सगळे ठेवलेही नाही. दादी आणि मी मिळून अंक निवडले. कसर लागलेले आणि निरुपयोगी झालेले बाजूला काढले, राहिलेल्यांत नवा पाला घातला. राखायचे ते जाणून राखायचे, एवढे आम्ही यूसुफ अलैहिस्सलाम यांच्याकडून शिकलो.

रात्री जेवताना मुलाने सारी कहाणी अब्बूंना ऐकवली : मखजन, इटलीची गलबते, दारूखाना, चांभाराचा मुलगा, लाहोर. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग थोडे थांबून म्हणाले, "बेटा, हे मात्र शाळेत जरूर सांग."

अल्लाह आपल्या घरांची कोठारे खैरने भरो आणि ती राखण्याची व जाणण्याची समज आपल्याला देवो. आमीन.